चित्त्याकडे पाठ

अमेरिकेतल्या पार्सिपनीच्या जगन्नाथ सबनीसांनी आयुष्यात एकही गोष्ट नुसती पाहिलेली नाही. फोटोत नायगारा कायम त्यांच्या पाठीमागे कोसळतो आणि ग्रँड कॅन्यन त्यांच्या टोपीमुळे निम्माच दिसतो. "नुसते देखावे नेटवर ढिगाने मिळतात, आपण तिथे दिसलो पाहिजे," हे त्यांचं तत्त्वज्ञान. मराठी मंडळाच्या दर पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या पंगतीला, जेवणं उरकली की ते लॅपटॉप टीव्हीला जोडत आणि पाहुणे गुलाबजामची वाटी धरून निमूट शिक्षा भोगत.

त्यांची बायको शरयू नागपूरची, प्राणिशास्त्रात एम.एस्सी. नवऱ्याच्या व्हिसावर आली, म्हणून नोकरीची परवानगी नाही. मग काय, मंडळाच्या इडल्या करा आणि साहेबांचे फोटो काढा! चित्ता आपल्या देशातून कायमचा गेला, हे कॉलेजात शिकताना तिला घरचं माणूस गेल्यासारखं वाईट वाटलं होतं. तेव्हापासून एकच इच्छा तिने जपली होती, एकदा तरी तो धावताना बघायचा. दोन हजार सातमध्ये ग्रीन कार्ड हातात पडलं. "बोल, कुठे जायचं?" जगन्नाथांनी उदार होऊन विचारलं, आणि लग्नानंतर पहिल्यांदा तिने हट्ट केला. केनियाला.

केनियात सिंह दिसले, हत्ती दिसले. प्रत्येकाच्या पुढे जगन्नाथ होतेच. चित्ता मात्र हुलकावणी देत राहिला. अखेर शेवटच्या सकाळी ड्रायव्हरने व्हॅन थांबवली, इंजिन बंद केलं आणि ओठांवर बोट ठेवलं. पिवळ्या गवतात एक मादी दबा धरून बसली होती. पलीकडे हरणं चरत होती. शरयू व्हॅनच्या उघड्या छतातून उभी राहिली.

"अगं, इकडे बघ!" मागून हुकूम आला.

"अहो, थांबा ना! निघेल ती आता."

"एकच क्लिक. चित्ता आणि तू एका फ्रेममध्ये. परत काय रोज येणार आहोत? टोपी सरळ कर. हं, स्माइल!"

संसाराची सवय वाईट. मन नको म्हणत होतं, पण मान वळली. नेमकं त्याच क्षणी पाठीमागे गवत सळसळलं, खुरांचा धडधडाट झाला, ड्रायव्हर काहीतरी ओरडला. ती गर्रकन फिरली, तेव्हा हवेत धूळ होती आणि हरणाच्या मानेवर दात रोवून मादी धापा टाकत होती.

"परफेक्ट!" जगन्नाथ कॅमेऱ्याकडे बघत म्हणाले.

पुढच्याच पॉटलकला तो फोटो टीव्हीवर झळकला. शरयूचं आज्ञाधारक हसू आणि तिच्या कानामागे एक पुसट पिवळा फराटा.

"बघा, याला म्हणतात टायमिंग!" जगन्नाथांची छाती फुगली होती.

"काकू, कसल्या लकी हो तुम्ही!" शेजारची राधिका म्हणाली. "सांगा ना, कसा धावतो तो?"

"मला नाही माहीत," शरयू म्हणाली. "तो धावला तेव्हा मी ह्यांच्याकडे बघत होते."

एकच हशा उसळला. "हाऊ स्वीट!" कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. शरयूच्या डोळ्यांत पाणी आलं ते संतापाचं होतं, पण लोकांनी तेही प्रेमाच्या खात्यात जमा केलं.

आणि जगन्नाथ? ते चक्क लाजले.