उसने डोळे

तीर्थपुरीचे फोटोमामा समोरच्याच्या डोळ्यांकडे इतकं टक लावून बघत, की बाया लेकराला पदराआड घेत. मामांना त्याचं काही वाटत नसे. "डोळे ध्यानात ठिवावे लागतेत, बाई," एवढंच म्हणत.

त्यांचा धंदाच तसा. एकोणीसशे ऐंशीच्या सुमाराला एखादा माणूस जाई आणि घरात त्याचा एकही फोटो नसे. मग मामांना बोलावणं जायचं. प्रेत भिंतीला टेकवून फोटो काढायचा आणि छापल्यावर मिटल्या पापण्यांवर बारीक कुंचल्याने उघडे डोळे रंगवायचे. तेराव्याला गेलेला माणूस भिंतीवरून आपल्याकडे बघत असे.

पुढे मी या फोटोंवरच पीएच.डी. करायला घेतली. हौसेला मोल नाही म्हणतात ते असं! प्रबंधात छापायच्या प्रत्येक फोटोला काढणाऱ्याची लेखी परवानगी हवी, असं मार्गदर्शकांनी बजावलं होतं. मामा फोटो समोर ठेवून बसत. "फोटो माझा, बराबर. पण चेहरा त्याचा हाये ना? इचारू दे त्याला." थोड्या वेळाने मान डोलवत आणि सही करत. मी हसू दाबायची, पण त्या फोटोंकडे पाठ करून बसायचा धीर मला कधी झाला नाही.

एकाच फोटोवर ते अडले. बाळंतपणानंतर गेलेली आई, मांडीवर तान्ही मुलगी. माझं अख्खं प्रकरण त्यावर उभं होतं. बापाने दुसरं लग्न केल्यावर फोटो न्यायला कुणी आलंच नव्हतं.

"ही काही बोलून न्हाई राह्यली," मामा म्हणाले. "पोरीला इचार."

मुलगी टेंभुर्णीला दिली होती; फोटो घेऊन मी तिच्याकडे गेले. आईला ती पहिल्यांदाच बघत होती. आधी हरखली, मग उठून आरशासमोर गेली आणि पांढरीफटक होऊन परतली. "ताई, हे डोळे तर माझे हायेत." खरंच होतं. "माझे जित्ते डोळे मढ्याला लावलेत. छापू नका. बिलकुल नका."

मी मामांना सांगितलं. "तिच्या मायचे डोळे मी कवा पाह्यलेच न्हाईत," ते म्हणाले. "मांडीवरचं लेकरू बघत होतं, त्याचेच घेतले. समद्यांचे असेच घेतले. घरात जे बारकं असंल त्याचे." ओल्या कापसाने त्यांनी रंग पुसला. खाली शांत निजलेली बाई निघाली. तो फोटो मी मुलीला नेऊन दिला आणि छापायचं नाव काढलं नाही.

त्याच उन्हाळ्यात मामा गेले. फार वाईट वाटलं. मार्गदर्शक म्हणाले, "मग त्या फोटोच्या जागी तुमच्या घरातला एखादा घाला. तिथे कोण अडवणार?"

आमच्या आजोबांचा फोटो मामांनीच रंगवलेला. आजोबा गेले तेव्हा घरात सगळ्यांत लहान मीच होते. फोटो उतरवून दारात उजेडात धरला. आजोबा माझ्याच डोळ्यांनी माझ्याकडे बघत होते.

परवानगी द्यायची ती मलाच होती. मी दिली नाही.