छातीचे ठोके आणि डब्यातली खरखर

रेडिओवाल्या काकूंचं डोकं त्या महिन्यात सतत भणभणत होतं, आणि त्याला कारण होते समोरच्या दवाखान्यातले म्हातारे डॉक्टर.

काकू मुळात नवऱ्याच्या दुरुस्तीच्या दुकानात नुसत्या सोबतीला म्हणून बसायला लागल्या. वर्षभरात सोल्डरिंग आयर्न त्यांच्या हातात आलं आणि नवरा काउंटरवर गेला. त्याला आता तीस वर्षं झाली. डॉक्टरांना अलीकडे स्टेथोस्कोपमधून ठोके नीट ऐकू येईनात, म्हणून त्यांनी काकूंना गळ घातली, "आवाज मोठा करणारा एक बनवून द्या."

काकूंनी नळीत बारीकसा माइक बसवला आणि एका डब्यात फिल्टर तयार केला. आठ पायांची ऑप-अँप चिप आवाज वाढवणार, फिल्टर ठोक्यांचा खर्ज पुढे सोडणार आणि वरचे आवाज अडवणार.

डॉक्टरांनी हेडफोन लावला आणि तोंड वाकडं केलं. "बाई, यात नळ गळतोय."

खरखर होतीच, आणि चूक काकूंची होती. हाताशी होते म्हणून त्यांनी दहा-दहा लाख ओहमचे रेझिस्टर लावले होते. एवढा मोठा रेझिस्टर स्वतःच कुजबुजतो आणि चिप ती कुजबूजही वाढवते. त्यांनी दहा हजारांचे लावले, कपॅसिटर शंभरपट मोठे केले, म्हणजे फिल्टरचं काम होतं तसंच राहिलं. खरखर बसली, तर तिच्याखाली दबलेली विजेच्या लाइनीची घूं वर आली. मग अ‍ॅडॉप्टर जाऊन बॅटऱ्या आल्या, ग्राउंडच्या सगळ्या तारा एका टोकाला बांधल्या, माइकला जाळीची वायर आली, प्लास्टिकच्या डब्याजागी पत्र्याचा आला. दर वेळी नवऱ्याला हुकूम सुटायचा, "अहो, शर्ट काढा."

"एकतीस वर्षांत माझ्या मनातलं ऐकलं नाहीस, आणि आता दिवसातून सहा वेळा छाती ऐकतेस!"

"गप्प बसा. बोललात की ठोके बुडतात."

काकूंना आता ठोक्यांशिवाय काही ऐकू येत नव्हतं. डॉक्टर मात्र मान हलवायचे. "अजून आहे. बारीक शिटी." काकू परत सगळं उघडायच्या. चिप बदलली, माइक बदलला, तरी पहिले पाढे पंचावन्न. चौथ्यांदा "आहे" ऐकल्यावर त्यांचा तोल सुटला. त्यांनी डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत दोन्ही बॅटऱ्या उपसून टेबलावर आपटल्या.

"आता?"

डॉक्टरांनी डोळे मिटून कान दिला. "आता पण आहे. तशीच."

उघड्या छातीने बसलेला नवरा हळूच शर्ट घालायला लागला. डॉक्टरांनी हेडफोन काढला, दोन्ही तळवे कानांवर दाबले, मग सोडले. "काढला तरी आहे," ते पुटपुटले. "मी समजत होतो, पंख्याचा आवाज असेल."

"कधीपासून?"

"वर्ष झालं असेल."

"मग हे आधी सांगायला काय झालं होतं?" काकू ओरडल्या, आणि दुसऱ्याच क्षणी ओशाळल्या.

डॉक्टर कसंनुसं हसले. "पेशंटांना मी चाळीस वर्षं हेच विचारत आलोय."

कानांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, कानातली ही शिटी काही जायची नाही. सोमवारपासून छातीचे पेशंट म्हाताऱ्या डॉक्टरांच्या सूनबाई बघायला लागल्या. त्याही डॉक्टरच. डबा त्यांनी घेतला, आणि तिसऱ्याच दिवशी एका शिंपीणबाईंच्या ठोक्यांमधली पुसटशी फूस त्यांनी टिपली. बाईंना मोठ्या दवाखान्यात धाडलं. हृदयाची झडप गळत होती, वेळेवर कळलं. म्हातारे डॉक्टर आता बाहेरच्या बाकावर बसून पेशंटांची हकिगत लिहून घेतात. "जरा मोठ्यानं बोला," असं न लाजता सांगतात.

सूनबाई स्वतः दुकानात आल्या. "काकू, असाच अजून एक कराल?"

"करते की," काकू म्हणाल्या. "पण तपासायला तुम्हीच या. सासऱ्यांना पाठवलंत, तर बघा!"