उलटा आटा

उपग्रह डोक्यावर आला होता आणि आमच्या स्पीकरमधून नुसती खरखर येत होती.

मैदानात प्राचार्य मॅडम, सगळा स्टाफ आणि दीडशेक विद्यार्थी उभे होते. मी अँटेना हातात धरून आकाशाच्या एका कडेपासून दुसरीकडे फिरवत होतो. असा उपग्रह दहाएक मिनिटांत क्षितिजाआड जातो. त्यातली निम्मी संपली होती.

"सुभेदार, बॅटरी बघितली का?" मॅडमनी विचारलं.

"सगळं बघितलंय मॅडम."

सैन्यात सिग्नल्समध्ये नोकरी करून मी रिटायर झालो आणि आष्ट्याजवळच्या एका पॉलिटेक्निकमध्ये कंत्राटावर लॅब सांभाळू लागलो. हौशी रेडिओचं लायसन्स खिशात. वायरलेसमध्ये माझा शब्द शेवटचा, असं सगळे मानायचे. मी जरा जास्तच मानायचो.

आमची अँटेना हेलिकल होती, म्हणजे जाळीच्या तव्यावर उभी केलेली मोठी स्प्रिंग. मधे पीव्हीसी पाइप, त्याला आडव्या काड्या आणि त्यांच्यावरून वळवलेली तांब्याची नळी, फ्रिजवाले वापरतात ती. वेढे सात. एका वेढ्याचा घेर एका लहरीच्या लांबीइतका, सत्तर सेंटिमीटरच्या आसपास. हे हिशोब मी तीनदा तपासले होते. पण या उपग्रहाची लहर पीळ घेत येते, आणि तो पीळ उजवा. म्हणून स्प्रिंगही उजव्या पिळाची लागते. डाव्या पिळाची झाली तर बहुतेक सगळा आवाज गळून जातो.

नळी वळायचं काम तानाजीकडे होतं. तानाजी म्हणजे आमच्या वर्कशॉपचा फिटर. म्हसवडकडचा, पन्नाशीला टेकलेला. लेथवर आटे पाडण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. आटा म्हणजे बोल्टवर चढत जाते ती खाच. एवढं असून इतकी वर्षं माणूस टेंपररीच. यंदा त्याला कायम करायचा कागद मॅडमच्या टेबलावर आला होता, आणि अँटेनाचं काम बघून सही करू असं त्या म्हणाल्या होत्या.

चार दिवस आधी पाइप उभा करून त्यानं मला विचारलं होतं, "कुठनं कसं वळू, सायेब?"

"सोपं हाय. सिद्धनाथाला प्रदक्षिणा घालतोस न्हवं? देव उजव्या हाताला. तसंच फिरत खालनं वर चढत जा."

त्यानं पाइपभोवती हवेत बोट फिरवलं आणि थांबला. "आवं सायेब, ह्यो तर उलटा आटा व्हतोय. डावा."

"आटा न्हाई रं, अँटेना हाय ही! तुझं नट-बोल्ट हितं आणू नगंस. ड्रॉइंगवर लिवलंय तसं कर."

"बरं," तो म्हणाला.

तर मैदानात उपग्रह निघून गेला. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. ते हसू मला झोंबलं.

"मॅडम, डिझाइनमध्ये काही चूक नाही," मी मोठ्यानं म्हणालो. "वळणाऱ्यानं घोळ घातलाय. लोखंड कापणाऱ्या माणसाला हे काम दिलं, तिथंच चुकलं." आणि तानाजीकडे वळून, "ड्रॉइंग बघून कर म्हणून किती येळा सांगायचं रं?"

तानाजीनं माझ्याकडे बघितलं.

"मग यांचा कागद तूर्त थांबवू या," मॅडम म्हणाल्या. मी मान खाली घालून केबल गुंडाळत राहिलो.

दुपारी अँटेना लॅबमध्ये उभी केली. तानाजीची चूक लेखी द्यायची होती, हे आज लिहितानाही लाज वाटते. वेढे बघितले. डावे! सापडला म्हटलं. मग पुरावा म्हणून ड्रॉइंग उघडलं. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'प्रदक्षिणेप्रमाणे, खालून वर.' वेढ्यांवरून बोट फिरवत वर गेलो. तंतोतंत तसंच होतं. शेजारी साधा, म्हणजे उजव्या आट्याचा बोल्ट धरला. त्याचा आटा एकीकडे कललेला, माझी नळी दुसरीकडे. देव उजव्या हाताला राहतो म्हणून मी त्याला उजवा पीळ समजून बसलो होतो. पण प्रदक्षिणा घालत वर चढलं की पीळ डावा पडतो. देवळात कुणी चढत प्रदक्षिणा घालत नाही, त्यामुळे हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. फिटरच्या मात्र बोट फिरवताक्षणी ध्यानात आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमच्या केबिनमध्ये गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्यासमोरच कागदावर सही केली.

तानाजीनं नळी उलगडून उजव्या आट्यानं पुन्हा वळली. दोन दिवसांनी गच्चीवर आम्ही दोघंच होतो. उपग्रह असा खणखणीत ऐकू आला की मी ओरडलोच. तानाजी केबल सोडवत होता. तो आभार मानेल, असं मला चक्क वाटत होतं.

"कायमचं झालं न्हवं? मी सोता केबिनमधी जाऊन सांगितलं," मी म्हणालो.

"व्हय, कळलं." केबलचं वेटोळं त्यानं खाली ठेवलं. "पर सायेब, मला बोललासा तवा मैदान भरलं व्हतं. माझी चूक न्हवती, ह्ये मातर दार लावून सांगितलंसा."

सोमवारी प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर सांगतो, असं मी कबूल केलं. त्या सोमवारी परीक्षा निघाली. पुढच्या सोमवारी तपासणीचे लोक आले. तिसऱ्या सोमवारी काहीच नव्हतं, तरी मी गप्प उभा राहिलो. मग माझं कंत्राट संपलं. तोवर तानाजी मी दिलेलं प्रत्येक काम ड्रॉइंगप्रमाणे करून द्यायचा आणि कधी काही विचारायचा नाही. कामातला माणूस प्रश्न विचारायचा थांबला की आपल्या चुका आपल्याला शेवटी उपग्रह निघून गेल्यावरच कळतात.

त्या मैदानातले कितीजण हे वाचतील, ठाऊक नाही. जे वाचतील त्यांनी ऐकावं. तानाजीनं अँटेना मी सांगितली तशीच वळली होती. चूक माझी होती, आणि ती त्यानं मला आधीच सांगितली होती.