चिठ्ठ्या टाकून निवडलेली कोकरं

मेंढपाळ नामाजीची लेक सुकन्या नांदेडला इंजिनिअरिंगला होती. सिद्धेश्वर धरणाकडच्या त्यांच्या वस्तीवरून एवढं शिकायला गेलेली ती पहिलीच पोरगी. बाकीचे विषय तिनं कसेबसे निभावले, पण संभाव्यता आणि संख्याशास्त्राचा पेपर पहिल्या खेपेला राहिला. दुसऱ्या खेपेला तो विषय शिकवणाऱ्या निलम मॅडम म्हणाल्या, "पुस्तकातली उदाहरणं पुरे. घरची माहिती आणा आणि तिच्यावर चाचणी लावा."

सुकन्यानं त्यासाठी घरची कोकरं निवडली. मिनरल पावडर चारल्यानं वजन जास्त वाढतं का, एवढंच बघायचं. पावडर कोणाला द्यायची, हे दिवाळीच्या सुट्टीत तिनं चिठ्ठ्या टाकून ठरवलं.

नामाजीला ते पटेना. "काहून चिठ्ठ्या? जे लेकरू मरगळलंय त्याला आधी दे की."

"मंग फरक पावडरीचा का कोकराचा, कसं कळंल आबा?"

तो उठून मेंढरांकडं गेला.

सुट्टी संपली. वजनं आई अनुसयाबाई फोनवर सांगायची. शेवटची वजनं सांगून झाल्यावर अनुसयाबाई हळूच म्हणाली, "तुझे आबा चिठ्ठी न निघालेल्या दोघा-तिघा मरतुकड्यांलाबी पावडर चारून राहिले बरं. त्यायला बघवत न्हाई."

सुकन्यानं ती कोणती ते विचारून घेतलं आणि वहीतली वजनं पुन्हा पाहिली. ती मरतुकडी कोकरं पावडर खाऊनही फारशी वाढली नव्हती. त्यांना बिगर-पावडरीच्या गटात राहू दिलं, तर फरक ठसठशीत दिसत होता. प्रकल्पातला जोडीदार दिपक म्हणाला, "राहू दे ना. कोणाला कळतंय?"

तिनं ती वगळली, का वगळली तेही लिहिलं. उरलेल्यांत फरक होता, पण तो नुसत्या योगायोगानंही पडू शकला असता.

"मग निष्कर्ष?" मॅडमनी तोंडी परीक्षेत विचारलं.

"पावडरीचा गुण येतो असं ठाम म्हणता येत नाही. येत नाही असंही म्हणता येत नाही."

मॅडमनी पुढचं नाव पुकारलं. निकालात सुकन्याचा विषय सुटला. ती कोकरं वगळली म्हणून दिपक मात्र बरेच दिवस फुगून होता.

घरी नामाजीनं विचारलं, "मंग द्यायची का न्हाई पावडर?"

"आत्ताच सांगता येत न्हाई. कोकरं थोडी पडली."

"एवढं शिकून हेच?"

"व्हय."

नामाजी खळखळून हसला. सुकन्याला राग आला नाही. पुढच्या हंगामात मार्कांचा काही संबंध नसताना तिनं सटवाजीकाकाच्या कळपातलीही कोकरं मागून घेतली आणि पुन्हा चिठ्ठ्या करायला बसली.