माईक सुरू करून बोला

तेव्हा मी आज्जी झाले नव्हते, नुसतीच शहाणी होते. बी.एड.च्या कॉलेजात होऊ घातलेल्या शिक्षकांना शिकवावं कसं, हे शिकवायचे. इतक्या वर्षांची सवय, की राजारामपुरीत भाजी घेतानासुद्धा भाजीवालीला मी आधी उद्दिष्टं सांगत असणार. आता एवढीशी नात मला फोनमधलं काहीबाही शिकवते आणि मी मुकाट शिकते. पण टाळेबंदीच्या त्या वर्षी मला काही शिकवायची कुणाची छाती नव्हती.

कॉलेज बंद झालं आणि वर्ग मोबाईलवर आला. बाकीच्यांनी आपापली व्याख्यानं सुरू केली. मी जाहीर केलं, व्याख्यान नाही, चर्चा घेणार. कारण मी ज्ञानरचनावादाची. म्हणजे ज्ञान घागरीतून तांब्यात ओतता येत नाही. शिकणारा ते स्वतःच्या अनुभवातून, चारचौघांशी बोलत बोलत घडवतो. हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून देत होते आणि मुलं ते घागरीतून तांब्यात ओतल्यासारखं उतरवून घेत होती. असो.

चर्चेचा आराखडा मोठ्या झोकात केला. छोटे गट, प्रत्येक गटाला एक सूत्रधार, आणि प्रश्न असा की उत्तर पुस्तकात न सापडता स्वतःच्या घरात सापडावं. नेट पुरत नाही म्हणून कॅमेरा बंद चालेल, पण माईक सुरू करून बोलायचंच. जो बोलणार नाही त्याची हजेरी लागणार नाही. इस्त्रीची साडी नेसून मी फोनपुढं बसले. माझाही कॅमेरा बंदच होता, हे तास संपल्यावर कळलं.

प्रश्न टाकला. "तुमच्या घरात कुणी शिकायचं आणि कुणी थांबायचं, हे कोण ठरवतं?"

कुणी बोलेना. प्रश्न विचारल्यावर शिक्षकानं घाई करू नये, शांतता सोसावी, हेही मीच शिकवायचे. सोसली. पण वर्गातल्या शांततेत निदान डोळे दिसतात, कोण खाली बघतंय ते कळतं. इथं नुसते काळे चौकोन. अंधाऱ्या विहिरीत वाकून हाक मारावी आणि आपलाच आवाजही परत येऊ नये, तसं झालं. कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. कुठं म्हैस ओरडली. मग कुणीतरी खोकलं. घोगरा, म्हाताऱ्या पुरुषाचा खोकला. माझ्या वर्गात म्हातारा पुरुष नव्हता. मला मात्र एवढंच सुचलं की चला, कुणाचा तरी माईक सुरू आहे!

माईक सुरू होता नेसरीकडच्या एका गावात दिलेल्या मुलीचा. लग्नानंतर हट्टानं बी.एड.ला आलेली, वर्गात सगळ्यांत चलाख. प्रवेश घेतानाच म्हणाली होती, "मामा हो म्हणालेत तोवर शिकून घेते, बाई." मामा म्हणजे तिचे सासरे.

"आमच्या घरात मामा ठरवतात," ती हळू आवाजात म्हणाली. "माझी नणंद माझ्यापेक्षा हुशार. बारावीला चांगले मार्क पडले. पण लग्न ठरवलं. तिला कुणी विचारलं नाही."

मला हर्ष झाला. शिकणाऱ्याचा अनुभव, अगदी पुस्तकात म्हटल्यासारखा! आणि पुस्तकात पुढं म्हटलं होतं की अशा वेळी शिकणाऱ्याला आणखी खोलात न्यावं. मी नेलं.

"छान! आणखी सांगा. त्यांनी असं का ठरवलं असेल?"

"बाई, ते..." ती अडखळली.

"अगदी मोकळेपणानं! आणखी सांगा."

"त्यांना वाटतं, बाई शिकली की घरचं ऐकत न्हाई."

तेवढ्यात मागून तोच घोगरा आवाज आला. "कुणाला सांगालीस गं हे?" आणि लगेच, "ठेव त्यो फोन."

चौकोन नाहीसा झाला. पाठोपाठ बाकीचेही एकेक करून गेले. कुणाचं नेट गेलं, कुणाची बॅटरी. मी एकटीच उरले.

फोन सासऱ्यांचा होता. त्या घरात तेवढा एकच चांगला फोन. ती पुढच्या सोप्यात, म्हणजे घराच्या ओसरीत, बसून वर्ग करायची आणि ते पलीकडं बाजेवर असायचे. हे मला मागाहून तिच्या मैत्रिणीकडून कळलं. आधी विचारायचं सुचलं नव्हतं. अनुभव, गट, सूत्रधार, सगळं मी आराखड्यात मांडलं होतं. पण बोलणारी बसते कुठं, एवढं काही मांडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती नव्हती. त्याच्या पुढच्या दिवशीही नव्हती. हजेरी कमी पडली की सत्र बुडणार, सत्र बुडालं की मामांचं "हो" संपणार. रोज तास सुरू झाला की मी आधी तिचं नाव शोधायची. त्याहून वाईट विचार यायचे. त्या घरात तिला काय ऐकावं लागत असेल? नुसतं ऐकावंच लागत असेल ना?

शेवटी धीर करून फोन लावला.

"कोण पावणं?"

"मी कॉलेजातली बाई बोलतेय."

"आवाज वळखला की. 'आणखी सांगा, आणखी सांगा' म्हणत हुता, त्या तुमीच न्हवं?"

"सूनबाई आहेत का?"

"गोठ्यात हाय."

"तासाला येत नाहीत, म्हणून म्हटलं..."

"आमच्या घरातलं समद्या जिल्ह्यानं ऐकलं. आता आणि काय ऱ्हायलंय ऐकायचं?"

फोन बंद. मी तसाच कानाला धरून बसले. नवरा जेवत होता. तो म्हणाला, "वर्ग कसला घेतीस? लोकांच्या सोप्यात जाऊन बसलीस की! आणि वर त्याच घरच्या म्हाताऱ्याची उणीदुणी काढालीस. त्यानं चहा तरी का विचारावा?"

चिडून मी ताटच उचलणार होते. पण भाकरी त्याच्या हातात होती आणि म्हणणं खरं होतं.

मग आराखडा मोडला. माईकची सक्ती काढली. कॉलेजच्या ॲपवर लेखी चर्चा सुरू केली. प्रश्न आठवडाभर उघडा राहील. ज्याला फोन जेव्हा मिळेल तेव्हा त्यानं लिहावं, दुसऱ्याच्या लिहिण्याला उत्तर द्यावं, लिहिलं की हजेरी लागली. मुख्य म्हणजे प्रश्न कुणाच्या घरातला नको, कुठल्या तरी लांबच्या शाळेतला हवा. ज्ञान अनुभवातून येतं हे खरं, पण अनुभवाला पदर तरी नको का?

भीती एकच होती. ॲपवरचा प्रश्न आधी त्या फोनवर वाजणार, म्हणजे माझा पहिला वाचक तिचे सासरे. मी प्रश्न लिहायची, खोडायची. नवरा जेवायला बसला की त्याच्यासमोर मोठ्यानं वाचायची. त्याचा घास मध्येच थांबला की तो प्रश्न बाद. इतकी वर्षं लोकांना प्रश्न कसे काढावेत ते शिकवलं, आणि शेवटी माझं परीक्षण एका भाकरीवर येऊन ठेपलं!

जो प्रश्न पास झाला तो असा: "तुमच्या वर्गात एक मुलगी कधीच बोलत नाही. शिक्षक म्हणून तुम्ही आधी काय कराल?"

उत्तरं आली. तिला प्रोत्साहन देऊ. प्रेमानं वागू. खेळीमेळीचं वातावरण ठेवू. सगळी माझ्याच टिपणांतली. तिचं काही नाही. आठवडा सरत आला. फोन टिंग वाजला की हातातलं काम टाकून बघायची.

एका सकाळी तिचं नाव दिसलं. खाली एकच ओळ.

"आधी बघेन, तिच्या मागं कोण उभं आहे."

हे उत्तर होतं, की मला सांगणं होतं? सासऱ्यांनी वाचलं असेल का? मी "छान" लिहिलं, पुसलं. "आणखी" एवढंच लिहिलं आणि फोन हातातून टाकलाच. काहीच पाठवलं नाही. दुपारी चंदगडकडच्या एकीनं त्या ओळीखाली लिहिलं, "माझ्या मागं पण." मग दुसरीनं. एका मुलानं लिहिलं, "आमच्या घरात मागं उभा राहणारा मीच आहे." चर्चा अशी पेटली की तसली मी वर्गात कधी घडवली नव्हती, आणि मी तिच्यात एक शब्दही टाकला नव्हता. नुसती वाचत होते आणि घाबरत होते.

ती लिहीत राहिली. थोडकं, अवेळी, पण दर प्रश्नाला. सत्र वाचलं, मग वर्षही. माईक मात्र तिनं पुन्हा कधी सुरू केला नाही, आणि मीही म्हटलं नाही.

निकाल लागला त्या दिवशी तिच्या सासऱ्यांच्या नंबरावरून फोन आला. नंबर बघूनच मी खुर्चीत बसले.

"बाई, पास झाली सून."

"अभिनंदन..."

"आता नोकरी बघतो म्हणतीया. गडहिंग्लजात. रोज यस्टीनं जाणार म्हणतीया." जरा थांबून ते म्हणाले, "हेबी तुमीच शिकवलंसा काय?"

हो म्हणावं तर तिच्यावर येणार, नाही म्हणावं तर खोटं पडणार.

"न्हाई वो," मी म्हटलं. "ते तिचं तीच शिकलीया."

पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. यावेळची शांतताही मी सोसली. मग ते म्हणाले, "बरं. बघू," आणि फोन ठेवला. त्या "बघू"चं पुढं काय होणार, या धास्तीत मी कितीतरी दिवस काढले.