दर बाजूला अर्धा इंच

टाचणीला टाचणी म्हणायची कारणं दोन. अंगाने ती तशीच होती, आणि दिवसातला निम्मा वेळ तिच्या ओठांत टाचण्या धरलेल्या असायच्या. आई म्हणायची, "त्या टाचण्या आहेत म्हणून गिऱ्हाइकं टिकलीत. हिचं तोंड मोकळं असतं तर दुकानाला कधीच कुलूप लागलं असतं."

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीशी दोन शिलाई यंत्रं, मधे कापायचं लांब टेबल, आणि दोऱ्यात ओवून टांगलेले मापांचे कागद. आईचा एक नियम होता. शिवण आत दुमडायला जे जादा कापड सोडायचं, म्हणजे शिवणीची माया, ती किती सोडली हे कागदावर लिहायचंच. "उद्या दुसऱ्या कुणी उसवलं तर त्याला कळायला हवं, आत किती आहे. आपण काय जन्माला पुरणार आहोत?"

एके दिवशी आई वरच्या फळीवरून अस्तराचा तागा काढायला स्टुलावर चढली ती ताग्यासकट खाली आली. उजवं मनगट दोन जागी मोडलं. लोकांचे कपडे तर शिवायचे पडलेले. टाचणी पंधरा वर्षांची. तिने दप्तर खुंटीला अडकवलं आणि कात्री उचलली. "चार महिने," ती म्हणाली. प्लास्टर निघालं, पण बोटांत जोर यायला वेळ लागला, आणि चाराचे बारा कधी झाले ते कळलंच नाही.

वर्ष सरता सरता वर्गातल्या मैत्रिणी एकेक करून मापं द्यायला आल्या. त्यांना वरच्या इयत्तेचे करडे गणवेश हवे होते. टाचणीने सव्वीस शिवले. सत्ताविसावा स्वतःच्या मापाचा शिवला आणि दारामागे टांगून ठेवला.

धाकटी बहीण तिच्याहून एक इयत्ता मागे, आणि जिभेने दोन इयत्ता पुढे. ती म्हणाली, "हा कशाला? तू तर आता माझ्या वर्गात येणार. खिडकीजवळची जागा माझी आहे, आधीच सांगून ठेवते."

"सुई ओवून दे आणि गप्प बस."

"ताई म्हणून हाक नाही मारणार हं मी वर्गात."

टाचणी हसली, पण ते बोलणं तिला लागलं. धाकटीच्या बाकावर बसायचं, तीच पुस्तकं चाळायची, आणि मैत्रिणी जिन्यावरून वर जाताना बघायच्या. ती काही हुंदके देणाऱ्यांतली नव्हती. ती वाट शोधणाऱ्यांतली होती.

वाट तिच्याकडे चालत आली. शाळेच्या कचेरीतली कारकूनबाई जाकीट सैल करून घ्यायला आली होती. हात पसरून उभी असताना म्हणाली, "सरकारी शाळेत नियम आहे की. वर्गात बसली नाहीस तरी विषयाची परीक्षा द्यायची. शंभरात सत्तर मिळाले की त्या विषयाचे श्रेयांक तुझे. चारही विषय काढलेस तर ते वर्ष झालं असं धरतात."

टाचणीने ओठांतल्या टाचण्या काढल्या. "मग कुणी देत का नाही?"

"वर्गातल्यांना पस्तिसात पास करतात. यात सत्तर लागतात. कोण एवढी उठाठेव करणार?"

"मी करणार," टाचणी म्हणाली. "हात खाली घ्या, माप झालं."

मैत्रिणींनी वह्या आणून दिल्या. सकाळी गिऱ्हाईक यायच्या आत दोन तास, दुपारी दुकान बंद असताना दोन तास. आईचं मनगट आता कात्री धरू लागलं होतं. ती म्हणे, "तू पुस्तकाकडे बघ, काज मी करते. वाकडं झालं तर तुझ्यावर ढकलेन."

सुट्टीत परीक्षा झाली. एका खोलीत एकटी टाचणी आणि राखण करायला एक बाई. गणिताचा पेपर देऊन ती घरी आली ती शीळ घालतच. "आई, गणितात कापडच कापड होतं गं. गोल टेबलाला आच्छादन, उशीला अभ्रा. आपल्या घरचाच पेपर म्हण ना."

निकाल लागला. भाषा अठ्ठ्याहत्तर, विज्ञान एकाहत्तर, इतिहास चौऱ्याहत्तर. गणित सहासष्ट.

धाकटीने कागद दोनदा वाचला आणि सहासष्टावर बोट ठेवलं. शाळा सोमवारी उघडणार होती.

"उत्तरपत्रिका बघायला मिळते का?" टाचणीने शाळेच्या कचेरीत जाऊन विचारलं.

"अर्ज केला तर मिळते," कारकूनबाई म्हणाली. अर्ज तिथेच टेबलाच्या कोपऱ्यावर लिहून झाला.

गणिताचे सर चष्मा कपाळावर ठेवून बोलायचे. त्यांनी पत्रिका समोर ठेवली. दोन गणितांवर लाल काट, पाचाला शून्य, पाचाला शून्य. तीच ती, कापडाची.

"उशी सोळा इंच. तू सतरा कुठून आणलेस?"

"दर बाजूला अर्धा इंच माया. नाहीतर अभ्रा चढणार कसा?"

"गणितात शिवणीचं नाव तरी आहे का?"

"नाही. पण उशीचं आहे."

सरांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात घालवलं. "हे बघ बाळ, विचारलं तेवढंच सांगायचं. उत्तर चूक ते चूकच."

"चूक मान्य आहे, सर," टाचणी म्हणाली. "उत्तराचे गुण नकाच देऊ. पण खाली पायऱ्या लिहिल्यात. जादा किती धरलं आणि कुठे, तेही लिहिलंय. तेवढं काढून बघा, बाकी काय चुकलंय."

सरांनी चष्मा खाली ओढला. दोन्ही गणितांखाली बारीक अक्षरात ओळ होती: दर बाजूला अर्धा इंच जादा धरला आहे. त्यांनी तो अर्धा इंच वजा करून कागदावर पुन्हा मांडलं. अभ्रा बरोबर आला. टेबलाचं आच्छादनही.

"मी शेवटचं उत्तर पाहून काट मारली," ते सावकाश म्हणाले. "पायऱ्यांचे गुण द्यायचा नियम आहे, तो मीच पाळला नाही." त्यांनी एकाला तीन लिहिले, दुसऱ्याला तीन, आणि खाली सही केली. "बहात्तर. हे लिहून ठेवायला कुणी शिकवलं?"

"आईने. दुसऱ्या कुणी उसवलं तर त्याला कळावं म्हणून."

सरांनी पत्रिका मिटली आणि नवा निकाल लिहायला कारकूनबाईकडे दिली.

रविवारी दारामागचा करडा गणवेश खाली उतरला. अंगात घातला तर दोन बोटं आखूड. तेवढ्या महिन्यांत टाचणी वाढली होती, आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. धाकटी लगेच म्हणाली, "आता काय करशील, ताई?"

आईने मापाचा कागद काढला. टाचणीच्याच अक्षरात लिहिलं होतं: खाली तीन इंच माया.

"दे इकडे," आई म्हणाली. तिने उजव्या हातात कात्री धरली आणि खालची दुमड उसवायला बसली.