करंजाखालच्या झोपेची भरपाई

पिकवण्यासाठी जमीन खंडाने घेणारी माणसं गावोगाव भेटतील. झोपण्यासाठी जमीन खंडाने घेणारा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात एकच असेल, आणि तो नेमका आमच्या हिचा सख्खा मामा निघाला.

मामा शहाडच्या एका कारखान्यात यंत्रावर होते. खडखडाटात वर्षानुवर्षं रात्रपाळ्या केल्यामुळे झोप त्यांच्यावर रुसली ती कायमची. अंबरनाथ पूर्वेच्या दोन खोल्यांत ते रात्रभर पंख्याकडे बघत पडायचे आणि "आज पंखा डावीकडे जरा जास्त झुकत होता," अशी बातमी सकाळी मामींना द्यायचे. एकदा कुणासोबत तरी वांगणीला गेले, दुपारी एका शेताच्या बांधावर टेकले आणि दिवेलागणीपर्यंत घोरले. उठले ते थेट मालकाच्या दारात. मालक गावातलेच शेतकरी, सगळे त्यांना दाजी म्हणत. "हे शेत मला खंडाने द्या," मामा म्हणाले. "काय पिकवाल?" दाजींनी विचारलं. मामांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "शेत अजून नीट बघितलं नाही हो. डोळे मिटलेले होते."

त्यांच्या घराण्यात कुणाच्याही नावावर कुंडीभर माती नव्हती. आजोबा देशावर दुसऱ्यांच्या शेतात राबले आणि म्हातारे झाले. त्यामुळे शेतीचं शिक्षण असं मामांना कुणी दिलंच नाही. ते त्यांनी झोपेत घेतलं. पद्धत सोपी होती. बांधावर छत्री रोवायची, तिच्या सावलीत डोकं ठेवायचं आणि स्वप्नात जे उगवलेलं दिसेल ते जागेपणी पेरायचं. वाल दिसले की वाल, काकडी दिसली की काकडी. एका वर्षी सूर्यफुलं दिसली. भाताच्या खाचरात, ऐन पावसाळ्यात सूर्यफुलं! सगळी कुजली. दाजी डोक्याला हात लावून बसले, तर मामा त्यांचीच समजूत काढायला लागले, "शेताची चूक नाही दाजी. स्वप्न उन्हाळ्यातलं होतं, माझाच महिना विचारायचा राहिला." पण जागेपणी हा माणूस कामाला वाघ होता. उल्हासनगरच्या तबेल्यातून टेम्पो भरभरून शेणखत आणायचा, दगड वेचून बांध रचायचा. छत्रीच्या जागी त्यांनी करंज लावला आणि तो छत्रीहून मोठा होईपर्यंत त्याला डब्यातलं पिण्याचं पाणी पाजलं. जिथे गवतसुद्धा नाखुशीनं उगवायचं त्या शेतातले वाल पुढे आम्ही बोटं चाटत खाल्ले.

मग वांगणीत फार्महाऊसचं वारं आलं. दाजींनी शेत उल्हासनगरच्या एका कापडवाल्या शेठना विकायचं ठरवलं, पण दाजी सरळ माणूस. निरोप सांगायला स्वतः अंबरनाथला आले. "मामा, आता खंड संपला. पर तुमी जमिनीत जे घातलंय ते मी फुकट नाय घेनार. रविवारी या, शेठबी येतील. तुमचं काय हाय ते बोला."

मामींनी आठवडाभर मामांची तालीम घेतली. खत, बांधाचे दगड, करंज, असा क्रम पाठ करवला. मी कचेरीत कारकून, म्हणजे मला कायदा येतो अशी मामींची समजूत, म्हणून मलाही सोबत नेलं. रविवारी करंजाखाली सगळे जमलो. मामांनी जयभीम घातला आणि शहाण्या मुलासारखे बोलू लागले. खत सांगितलं, दाजींनी मान्य केलं. दगड सांगितले, तेही मान्य. शेठ नुसते "दे दो साईं, दे दो" म्हणत होते. पैसे मामींच्या पिशवीत गेले. मामींचा चेहरा इतका प्रसन्न मी लग्नकार्यातही पाहिला नव्हता.

"आनखी काय ऱ्हायलं?" दाजींनी विचारलं. मामा वर करंजाकडे बघत राहिले. मामींनी कोपरानं ढोसलं तरी बघत राहिले. "झोप राहिली," ते म्हणाले. "बाकी सगळं घरी नेता येतं दाजी. झोप नेता येत नाही, मी नेऊन बघितलीय. इथून उठलो की मी परत पंख्याखाली." मला हसू येत होतं, ते एकदम गेलं.

दाजी डोकं खाजवत म्हणाले, "झोपंचा काय भाव लावू, मामा?"

शेठ उठले. करंजाभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "साईं, नींद तो मुझे भी नहीं आती. गोली खाता हूँ. ये पेड़ तुम्हारा. दीवार घुमा लेंगे."

आणि फार्महाऊसच्या कुंपणाची भिंत खरोखर तशीच बांधली. रस्त्याकडेनं सरळ येते, करंजापाशी आत वळते, त्याला बांधासकट बाहेर ठेवते आणि पुन्हा सरळ निघते. गवंड्यांनी शेठना वेड्यात काढलं. पण रविवारी भिंतीपलीकडे शेठ झोपाळ्यावर पडायचे, अलीकडून मामांचं घोरणं सुरू झालं की त्यांचाही डोळा लागायचा. गोळीचा खर्च वाचला म्हणून ते मामांना चहा पाठवत.

एका दुपारी मी मुद्दाम गेलो. मामा नुकतेच उठून भिंतीला टेकले होते. मी थट्टेनं विचारलं, "काय मामा, यंदा काय दिसलं?"

मामांनी भिंतीच्या गिलाव्यावरून हात फिरवला. "झोप छान लागते जावईबापू. त्यात शेठनी काही कमी केलं नाही. पण आता काही दिसत नाही. पेरायचंच नाही, तर स्वप्नानं तरी कशाला यावं?" मी उगाच बांधावरचं गवत उपटू लागलो. त्यांनाच माझी दया आली असावी. "तुम्ही चहा सांगून या," ते म्हणाले, "तोवर परत एकदा बघतो."

मी टपरीवरून चहा घेऊन आलो तेव्हा मामा घोरत होते. उजव्या हाताची बोटं जुळलेली होती, मातीत वाल टोचताना बी धरतात तशी. मला त्यांना उठवावंसं वाटलं नाही. मी शेजारी बसून राहिलो आणि चहा निवू दिला.